इलेक्ट्रिकलला घातलं म्हणं!

घ्या! त्यांनीपण पोरगं इलेक्ट्रिकललाच घातलं.

मी सांगितलं असं कुठे बोलू नका. पण दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीत एका मुलीच्या स्थळाचा विषय निघाला होता. ‘मुलगा इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे’ एवढं ऐकून ज्या काकूंनी जिलेबी ताटात परत ठेवली आणि ‘म्हंजे वायरमनच की ओ!’ असं नाक मुरडलं, त्याच काकू काल पिठाच्या गिरणीत लाईट यायची वाट बघत बसल्या होत्या. आणि सांगत काय होत्या? ‘कंप्युटर काय, कुणीबी करतंय. आमचा इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्सला हाय. दोन्ही एकात.’ जणू साडीवर ब्लाऊजपीस फुकट मिळालाय. गिरणीतल्या सगळ्या बायका डबे मांडीवर घेऊन ऐकत होत्या. लाईट आली तेव्हा कुणी उठलं नाही, एवढं सांगितलं म्हणजे समजा.

बाहेरच्यांना आधी आमचं गाव सांगायला हवं. तेरखेडा, तालुका वाशी, जिल्हा धाराशिव. सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचं, फटाक्यांचं गाव. दिवाळीच्या तोंडावर या रस्त्यानं गेलात तर गाडी थांबवल्याशिवाय पोरं तुम्हाला पुढं जाऊ देणार नाहीत. इथल्या कित्येक घरांचं पोट गंधक, सोरा आणि कोळशाच्या भुकटीवर चालत आलंय. ‘शोभेच्या दारूचं काम’ असं त्याला कागदावर म्हणतात. घाईत बोलताना त्यातली शोभा गळते. मग पुण्याकडच्या पाहुण्यांना ‘पोराच्या वडलांचं दारूचं काम आहे’ एवढंच ऐकू जातं आणि चहा गार होतो. तशी लग्नं मोडता मोडता राहिल्याची उदाहरणं आहेत, पण ती पुन्हा कधी.

तर अशा गावात, जिथं ठिणगी पडू नये म्हणून चपला बाहेर काढून कामाला बसतात, तिथल्या पोरांनी ठिणगीचंच शिक्षण घ्यायला निघावं, हे बरं आहे का? सांगा तुम्हीच.

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर बोट थेट 1983 कडे जातं. त्याआधी कित्येक वर्षं मराठवाड्यातल्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर औरंगाबादचं सरकारी कॉलेज, तेही 1960 चं. नाहीतर पुणे, मुंबई, कऱ्हाड, सांगली. पुण्याचं कॉलेज 1854 पासूनचं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं. तिथं जागा मोजक्या आणि आमच्याकडचे मार्क त्याहून मोजके. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी गुपचूप जमिनीचा तुकडा विकून पोराला कर्नाटकात पाठवलं आणि गावात ‘शिमोग्याला मावशी आहे’ असं सांगितलं. मग मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि त्याच 1983 साली धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, तेरणा ट्रस्टचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं.

आता ‘तेरणा’ हे नाव कुणाचं? नदीचं. आणि नदी निघते कुठून? आमच्या तेरखेड्याकडच्या माळावरून! म्हणजे उगम आमचा, नाव कॉलेजाचं, आणि फी पुन्हा आम्हीच भरायची. आमचे एक थोरले चुलते हे इतक्या तावातावानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ते आता कॉलेजावर पाणीपट्टी लावणार.

असो. कॉलेज आलं तरी इलेक्ट्रिकलला तेव्हा तसा मान नव्हता. आमच्या पिढीला या शाखेचे दोनच अर्थ माहीत होते. एक परळीचं थर्मल, जे 1971 पासून धूर सोडतंय. दुसरा म्हणजे ‘बोर्ड’. 2005 साली राज्य वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या. पण आमच्याकडे खांबावरचा तो माणूस आजही ‘एमएसईबीवाला’च आहे. बोर्डात लागला तर सोनं, नाही लागला तर दुकान टाकून पंखे विका. मग कंप्युटरची लाट आली. इलेक्ट्रिकल म्हणजे कंप्युटर मिळाला नाही त्याची शाखा, असं होऊन बसलं. विहिणीला सांगताना आया ‘इंजिनिअरिंगला आहे’ म्हणत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पोहे आणायला उठत.

आणि आता? आता सीईटीचा निकाल लागला की घराघरात कुजबुज. ‘इलेक्ट्रिकलला किती लागतात ओ?’

त्या निकालाचं तर विचारूच नका. परीक्षा 200 मार्कांची. गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 50-50 एकेका मार्काचे, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. ते कळल्यापासून आमच्याकडे कुणी प्रश्न सोडतच नाही, येत असो नसो. पण निकाल येतो तो मार्कांत नव्हे, पर्सेंटाइलमध्ये. मागच्या वर्षी आमच्या आळीतल्या एकाला 88 पर्सेंटाइल मिळाले तर त्याच्या वडलांनी पेढे वाटले, ‘अठ्ठ्याऐंशी टक्के पडले’. शंभरातली अठ्ठ्याऐंशी पोरं त्याच्या मागं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्ष मार्क दोनशेपैकी शंभराच्या अलीकडेसुद्धा असू शकतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? सगळ्यांच्या तोंडात पेढा होता.

त्यानंतर कॅप राउंड. हे प्रकरण लग्न जमवण्यापेक्षा अवघड आहे. सायबर कॅफेवाला सांगेल त्या क्रमानं कॉलेजांची यादी भरायची, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर यांच्यामागं तहसीलला खेटे घालायचे, आणि मग रात्री बारा वाजता मोबाईलवर ‘अलॉटमेंट’ बघायची. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप ‘फ्रीज’ होते. यंदा एका घरातून सकाळी सकाळी आरोळी आली, ‘आमचं फ्रीज झालं!’ शेजारणीनं दुपारपर्यंत चार घरी सांगितलं की त्यांनी फ्रीज घेतलं, आणि संध्याकाळी तिघीजणी हळदी-कुंकवाचं निमित्त काढून ते बघायला गेल्या. माठातलं पाणी पिऊन परत आल्या.

खरा भडका उडाला तो 2024 साली. सरकारनं जुलैमध्ये ठरवलं की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींची इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. झालं! ज्या घरात ‘पोरीला डीएड करू, गावातच शाळेवर लागंल’ हे तीन पिढ्यांचं धोरण होतं, तिथं आता मुली ‘नेटवर्क थिअरी’ म्हणायला लागल्या. बघायला आलेल्या एका आजेसासूनं मुलीला चारचौघांत विचारलं, ‘मंग लग्नानंतर खांबावर चढणार का तू?’ मुलगी म्हणाली, ‘गरज पडली तर चढीन आजी, पण मेन पाडून.’ त्या घरून होकार आला. नकार मुलीकडून गेला म्हणं. कारण मला माहीत आहे, पण छापायचं नाही.

इथं मला सुधा मूर्तींची आठवण काढावीच लागते, कारण आमच्या वाचनालयात त्यांच्या पुस्तकांना नंबर लावावा लागतो. त्या मूळच्या सुधा कुलकर्णी, शिक्षणानं इलेक्ट्रिकलच्या इंजिनिअर. 1970 च्या आसपास हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजात त्या एकट्या मुलगी होत्या. प्राचार्यांनी तीन अटी घातल्या होत्या, हे त्यांनीच सांगितलंय: साडी नेसून यायचं, कॅन्टीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. पुढं 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नयेत’ असं वाचून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, आणि पुण्यात त्याच कंपनीत नोकरी मिळवली. आमच्या भिशीत मी हे सांगितलं तेव्हा सगळ्या एवढ्या भारावल्या! पण पहिला प्रश्न काय आला? ‘साडी कुठली नेसायच्या ओ, कॉटनची का सिंथेटिक?’ तरी बरं, प्रश्न अगदीच वाया गेलेला नव्हता. फिरत्या मशिनच्या लॅबमध्ये सैल कपडा चालत नाही. माझी भाचीपण इलेक्ट्रिकललाच आहे; सुट्टीला आली तेव्हा तिनं मला हे सांगितलं आणि वर ‘मावशी, तिथं बांगड्यापण काढून ठेवाव्या लागतात’ असंही सांगितलं. हे वाक्य तिच्या आजीच्या कानावर जाऊ न देण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

शिकवतात तरी काय चार वर्षं? मी भाचीची वही चाळली. पहिल्या वर्षी म्हणे सुताराचं आणि लोहाराचं काम, वर्कशॉप नावाखाली. एम-वन, एम-टू ही गणितं, ज्यांत अर्ध्या वर्गाला बॅक लागतो. मग सर्किट, मशिन, पॉवर सिस्टम, कंट्रोल सिस्टम. बी. एल. थेरेजांचं ते जाडजूड पुस्तक असतंच, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला त्याहून बारीक एक असतं. हे सगळं ठीक. पण एका पानावर मी अडखळले. उणे एकाच्या वर्गमुळाला गणितात ‘आय’ म्हणतात ना? हे इलेक्ट्रिकलवाले त्याला ‘जे’ म्हणतात! कारण यांच्याकडे आय म्हणजे करंट. एका अक्षराचे दोन मालक नकोत म्हणून शेजारचं अक्षर उचललं. मी हे मोठ्यानं वाचलं आणि बाजल्यावरच्या आजी उठून बसल्या. ‘आयला जे म्हणायला लावत्यात? फी घेऊन?’ त्या दिवसापासून त्यांचं ठाम मत आहे की या कॉलेजांत पोरं आईबापाला विसरतात, आणि पुरावा वहीत आहे.

लॅबचे किस्से वेगळे. आमच्या गावचा एक पोरगा दुसऱ्या वर्षाला असताना प्रॅक्टिकलमध्ये कुणीतरी जोडणी चुकवली आणि धाडकन फ्यूज उडाला. सगळा वर्ग भिंतीला चिकटला, सर टेबलाआड. हा एकटा जागेवर उभा. म्हणाला, ‘एवढंच?’ तेरखेड्याचं पोरगं आहे म्हटल्यावर सरांनी पुढच्या प्रॅक्टिकलला त्यालाच पुढं उभं केलं म्हणतात.

आता जो प्रकार सांगते, तो मात्र मी स्वतः बघितलाय.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या शिवारातली डीपी दुरुस्त होऊन आली. तीन फेजची वीज आठ तास, त्यातही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे आम्हाला पाठ आहे. त्या रात्री लाईट आली, बोअरची मोटर सुरू झाली, आवाज नीट, पण पाणी मात्र नावाला, शेळीच्या धारेएवढं. घरात तिसऱ्या वर्षाचा इंजिनिअर सुट्टीवर आलेला. बापानं मोठ्या अभिमानानं त्याला पुढं केलं. पोरानं मोबाईलचा उजेड पाडून स्टार्टर बघितला, कपाळाला हात लावला आणि खिशातून कागद काढला. कागद! बांधावर! बाप चिडला, फोन केला, आणि वायरमन आला. आयटीआयवाला, चाळिशीचा, पायात स्लीपर. त्यानं मेन पाडला, दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या, मेन चढवला आणि पाणी धो धो. सगळा कार्यक्रम पाच मिनिटांत. बापानं पोराकडं जे बघितलं, ते मी तरी विसरणार नाही. साठ हजार फीची नजर होती ती.

गावात दुसऱ्या दिवशी हीच बातमी. ‘इंजिनिअर कागद काढीत बसला, वायरमननं पाणी काढलं.’ मीही ती दोन ठिकाणी सांगितली, कबूल करते. पण अर्धीच सांगितली. कारण वायरमन लगेच गेला नाही. पोरानं त्याला विचारलं, ‘काका, दोनच का बदलल्या? तिन्ही बदलल्या असत्या तर?’ वायरमन म्हणाला, ‘तर जास्तच उलटी फिरली असती की!’ पोरगं म्हणालं, ‘नाही, काहीच झालं नसतं.’ झाली सुरू जुंपाजुंपी. पोरानं समजावलं: पंचमीच्या फेरात तिघीजणी धरल्यात समजा, आर, वाय, बी. तिघींनीही एकेक जागा पुढं सरकवली तर फेराचा क्रम तोच राहतो. दोघींनीच आपसात जागा बदलल्या तर क्रम उलटा होतो. मोटरच्या आत चुंबकाचा फेर फिरत असतो, तो याच क्रमानं फिरतो. डीपी दुरुस्त करताना कुणीतरी दोन वायरी इकडच्या तिकडं केल्या होत्या, म्हणून फेर उलटा आणि पंप उलटा.

वायरमननं वीस वर्षांत दोन वायरी हजारदा बदलल्या असतील, तिन्ही कधीच बदलल्या नव्हत्या. कशाला बदलेल? त्यानं पुन्हा मेन पाडला. तिन्ही वायरी एकेक घर पुढं सरकवल्या. मेन चढवला. पाणी तसंच धो धो. रात्रीचे दोन वाजले होते. ते दोघं त्या ओल्या बांधावर बॅटरीच्या उजेडात तो कागद पसरून बसले, बापाला झोप आली, आणि लाईट जाईपर्यंत कुणी उठलं नाही. तो पोरगा आता सुट्टीत सकाळी वायरमनच्या मोटरसायकलवर मागं बसून फिरतो. याच्या आईला वाटतं मुलगा बिघडला. वायरमनच्या बायकोला वाटतं नवरा बिघडला, रात्री जेवताना ‘फेज सिक्वेन्स’ म्हणतो.

इलेक्ट्रिकलचा हा नाद गावाला एकदम चढला कशानं, याचं उत्तर तुम्हाला आमच्या माळावर उभं दिसेल. पवनचक्क्या! बालाघाटच्या या पठारावर त्या उभ्या राहिल्या तसं हमरस्त्यावरून एकेक पातं घेऊन जाणाऱ्या लांबलचक गाड्या आम्ही लेकरांना खांद्यावर घेऊन बघितल्या. मग जमिनीचे भाव, भाड्याचे करार, भाऊबंदकी, सगळं आलं. त्याच्या पाठोपाठ ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना, दहा टक्के शेतकऱ्याचे, अनुसूचित जाती-जमातींना पाचच. ज्याच्या रानात पत्रे चमकायला लागले, तो दिवसा पाणी देऊन रात्री झोपायला लागला, आणि शेजाऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. वीज आता फक्त खांबावरून येत नाही, आपल्या माळावर पिकते, हे लोकांना दिसलं. जे पिकतं त्याचा जाणकार घरात हवा, एवढं शेतकऱ्याला कळतं. मला वाटतं नाद यातनंच चढला. काकूंना विचाराल तर म्हणतील, त्यांच्या पोराचं बघून.

आजींनी मात्र पवनचक्कीला नापास केलंय. ‘एवढा मोठा पंखा आन् वारं कुटं हाय?’ भाचीनं सांगितलं, आजी, ती वारा देत नाही, घेते. पातं मिनिटाला पंधराएक फेरे घेतं. बऱ्याच पवनचक्क्यांत आतला गिअरबॉक्स तेच फेरे हजाराच्या वर नेतो, तेव्हा जनित्रातून वीज निघते. आजी म्हणाल्या, ‘म्हंजे बाहीर आळशी, आत धांदल. तुज्या आज्यासारखं.’

आणि इतकं सगळं करून नोकरी? पुष्कळजण चार वर्षं ट्रान्सफॉर्मर शिकून शेवटी हिंजवडीत कंप्युटरपुढंच बसतात. कॅम्पसला येणारी कंपनी विचारते जावा, आणि हा सांगत बसतो तेलात बुडवलेलं वाइंडिंग. काकूंना हे सांगायला गेले तर त्यांनी माझ्या डब्यातलं पीठ किती जाड दळलंय याकडे विषय नेला.

दिवाळीत काकूंकडं गेले होते. त्यांचा धंदा फटाक्यांचा. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे ते. पोरगं पहिल्या सेमिस्टरची परीक्षा बाजूला ठेवून घरी आलेलं, आणि अंगणात सगळी आळी जमवलेली. त्यानं वातीला बारीक तार गुंडाळली होती, तारेची दोन टोकं लांबवर ओसरीपर्यंत आणलेली, तिथं बॅटरी आणि घंटीचं बटण. करंट सोडला की तार तापणार, वात पेटणार, जवळ कुणी जायचं कामच नाही. ‘वात लावायला आता इंजिनिअर लागतोय का?’ असं कुणीतरी बोललं. काका काही बोलले नाहीत. पोरानं बटण त्यांच्या हातात दिलं, ते त्यांनी डाव्या हातात घेतलं, बघितलं, मग उजव्या हातात घेतलं.

लेकरांनी कानात बोटं घातली. काकांनी बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. फटाका आपला तुळशीपुढं गप्प. पोरगं घामाघूम, तारेच्या मागं मागं वाकून चाललेलं, ‘लूज आहे कुठंतरी, एक मिनिट, एक मिनिट’.

काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि ओसरीवरून हाक मारली, ‘आरं त्या वायरमनला फोन लावा की कुणीतरी!’